शनिवारच्या बैठकीत कोणती सिस्टिम मांडावी?

प्रश्न : आम्ही सहा जण सांगलीच्या गावभागात, माझ्या चुलत सासऱ्यांच्या घराच्या माडीवर, दर शनिवारी रात्री डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या, पात्रे घेऊन फाशांवर कथा रंगवायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. गेम मास्टर, म्हणजे कथा चालवणारी आणि निवाडा देणारी, मी आहे. चौदा महिने झाले, पात्रे सातव्या लेव्हलला पोचली आणि आता बैठकीत कुरबुर सुरू झाली आहे. गेल्या महिन्यात एकच लढाई रात्री नऊला सुरू होऊन सव्वाबाराला संपली. माझे दीर सिव्हिल इंजिनिअर आहेत. त्यांना लढाई आणखी बारकाव्यांची हवी आहे, म्हणून ते पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाचा आग्रह धरतात. माझी मैत्रीण शिक्षिका आहे आणि हौशी नाटकांत काम करते; तिला लढाईचा कंटाळा येतो, तिने फेट या खेळाचे नाव काढले आहे. दिरांचा कॉलेजात शिकणारा मित्र कॉल ऑफ कथुलू हा भयकथेचा खेळ म्हणतो, तेही सांगलीतच घडणारे. माझे पती "काहीही चालेल" म्हणतात. माझी नणंद मात्र गप्प असते. तिला इंग्रजी येत नाही असे नाही, पण पात्राची माहिती लिहिलेले ते इंग्रजी शीट समोर आले की ती दिरांकडे बघते आणि ते सांगतील तो फासा टाकते. या सगळ्या सिस्टिममध्ये, म्हणजे खेळांच्या नियमसंचांत, चांगली कोणती, आणि आम्ही कोणती घ्यावी?
– एक गेम मास्टर, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. चांगली सिस्टिम कोणती, हा एक. आणि तुमच्या माडीवर बसणाऱ्या या सहा माणसांना कोणती मानवेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर "कशासाठी चांगली?" असे विचारल्याशिवाय देता येत नाही, कारण प्रत्येक सिस्टिम काही गोष्टींना वजन देते आणि बाकीच्या तुमच्यावर सोडून देते. दुसऱ्याचे उत्तर मात्र मी नेमके देणार आहे आणि ते तुमच्या नणंदेच्या गप्प बसण्यावरून ठरले आहे.

आधी वजनाविषयी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेले डी अँड डी हे छोट्या पुतळ्यांचे सैन्य मांडून खेळायच्या युद्धखेळांतून जन्माला आले, तरी त्याच्या जुन्या नियमांत लढाई हे कमाईचे मुख्य साधन नव्हते. १९८१ च्या बेसिक नियमांत खजिना सुखरूप बाहेर आणला की एका सोन्याच्या नाण्यामागे एक एक्सपी (पुढची लेव्हल गाठून देणारा अनुभवाचा गुण) मिळत असे आणि एका साध्या, एक हिट डाय एवढ्या ताकदीच्या राक्षसाला मारल्याचे अवघे १०. त्यामुळे शहाणे खेळाडू राक्षसाला चुकवत, त्याला लाच देत, त्याची झोप लागेपर्यंत थांबत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत एक्सपी मुख्यतः शत्रूंवर मात केल्याचे मिळतात, आणि तुम्ही एक्सपी मोजत नसाल तरीही दर लेव्हलला हाती येणाऱ्या बहुतेक नव्या शक्ती लढाईतच वापरायच्या असतात. नियमपुस्तकाची पाने ज्या गोष्टीवर खर्च झाली, शनिवारचे तासही त्याच गोष्टीवर खर्च होतात. तुमची लढाई सव्वातीन तास चालली यात गेम मास्टर म्हणून तुमची चूक फारशी नाही. सिस्टिमने तिला जे करायला शिकवले तेच ती करत होती.

हा फरक नुसता सांगून कळत नाही, म्हणून एकच प्रसंग वेगवेगळ्या सिस्टिममध्ये चालवून दाखवतो. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हरिपूर तुम्हाला घरचेच आहे. तिथली हळद साठवायची पेवे डोळ्यांसमोर आणा : तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे अरुंद, पोट मोठे, आणि उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून गेल्याखेरीज कोणी पाय घालत नाही. अशा एका पेवाच्या तळाशी पोत्यांच्या मागे कोणीतरी तांब्याची पेटी लपवली आहे. तुमच्या नणंदेचे पात्र मध्यरात्री दोर सोडून खाली उतरते, आणि वर रखवालदाराच्या चपलांचा आवाज येतो.

डी अँड डीमध्ये तुम्ही मनात एक आकडा धरता, समजा १५. सातव्या लेव्हलच्या पात्राला चापल्याचे ३ आणि प्रावीण्याचे ३ मिळून ६ मिळतात, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ९ किंवा त्याहून जास्त पडले पाहिजे. शक्यता ६० टक्के. वर कोणी रखवालदाराला बोलण्यात गुंतवले तर अ‍ॅडव्हांटेज मिळते, दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, आणि शक्यता ८४ टक्क्यांवर जाते. हे फार सुबक यंत्र आहे. एका ओळीत समजते, लगेच निकाल देते, मित्राच्या मदतीला किंमत देते. पण फासा पडल्यावर उत्तर येते ते फक्त "ऐकू गेले" किंवा "ऐकू गेले नाही" एवढेच. पुढे काय घडते ते सर्वस्वी तुमच्यावर. आणि रखवालदाराने तलवार उपसली की मात्र नियमांचा पूर लोटतो, कारण तिथे त्यांच्याकडे सांगायला खूप काही असते.

पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती (२०१९) हाच प्रसंग अधिक दाणेदार करते. तिथे ठरलेल्या आकड्यापेक्षा १० ने जास्त मिळाले तर यश ठळक होते आणि १० ने कमी मिळाले तर अपयश ठळक होते, म्हणजे एका फाशातून चार निकाल निघतात. लढाईत प्रत्येकाला दर पाळीला तीन कृती मिळतात. एकाच पाळीतला दुसरा वार साधारणपणे ५ ने आणि तिसरा १० ने कच्चा पडतो. त्यामुळे नुसते वारावर वार करण्यापेक्षा एक पाऊल मागे सरणे, ढाल वर करणे, शत्रूला घाबरवणे यांना खरी किंमत येते. दिरांना हे का भुलवते ते मला चांगले समजते. लढाईचा आराखडा काढायची ज्याला आवड आहे, त्याच्यासाठी याहून प्रामाणिक यंत्र मी पाहिलेले नाही. शत्रूंची ताकद मोजण्याचे त्याचे गणितही भरवशाचे आहे आणि सगळे नियम इंटरनेटवर 'आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस' येथे अधिकृतपणे, मोफत वाचता येतात. पण त्याचे ओझे सगळ्यांनी सारखे उचलावे लागते. टेबलावरच्या एकालाही आपल्या कृती आणि स्थिती पाठ नसतील, तर बाकीचे त्याच्यासाठी थांबतात किंवा, त्याहून वाईट, त्याच्या वतीने खेळू लागतात. तुमच्याकडे हे दुसरे आत्ताच घडते आहे. पाथफाइंडर आणले तर नणंद दिरांकडे आणखी वेळा बघेल.

डन्जन वर्ल्ड घ्या. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० मधल्या अपॉकॅलिप्स वर्ल्डपासून खेळांचे जे घराणे सुरू झाले, त्यातला २०१२ चा हा खेळ. इथे रोजचे दोन सहा बाजूंचे फासे टाकून बेरजेत पात्राचा गुण मिळवायचा. १० किंवा जास्त आले तर काम झाले, ७ ते ९ आले तर झाले पण काहीतरी मोजावे लागले, ६ किंवा कमी आले तर गेम मास्टर संकट आणतो आणि खेळाडू एक एक्सपी लिहून घेतो. पात्राचे चापल्य २ असेल तर निखळ यशाची शक्यता सुमारे ४२ टक्के, किंमत मोजून यशाचीही तेवढीच, आणि अपयशाची १७ टक्के. म्हणजे खेळाचा मोठा हिस्सा त्या मधल्या पट्ट्यात जातो. नणंदेने फासे टाकले आणि ८ आले, तर तुम्ही म्हणता : "रखवालदाराला तुमची चाहूल लागली नाही, पण लपताना दोर हातातून सुटून खाली आला. पेटी तुमच्याजवळ आहे, वर जायचा रस्ता नाही." कथेला वळण फाशातूनच मिळते. लढाईसाठी वेगळी पाळी, वेगळे चौकट-पट, वेगळा नियमसंच नाही. भांडण, पळापळ आणि मनधरणी सगळे एकाच चालीने चालते, म्हणून लढाई वीस मिनिटांत आटोपते. उणे बाजू अशी की गेम मास्टरला क्षणोक्षणी नवे संकट सुचावे लागते, आणि महिनोन्महिने चालणाऱ्या कथेत पात्रे लवकर पिकतात. वर्षभर चालणाऱ्या कथेसाठी मी ते घेणार नाही. दोन महिन्यांच्या कथेसाठी डोळे झाकून घेईन.

ब्लेड्स इन द डार्क (२०१७, जॉन हार्पर) याच घराण्यातून निघाले, आणि चोरीच्या कथांसाठी त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही. त्यातली एक युक्ती तुमच्या मैत्रिणीला नक्की आवडेल. रखवालदाराच्या चपला वाजल्या, की खेळाडू थोडा ताण पत्करून म्हणू शकतो, "काल संध्याकाळीच मी याच्या बायकोच्या हाती औषधाचे पैसे ठेवले होते," आणि आपण तो कालचा प्रसंग आत्ता खेळतो. बेत आधी तासभर आखत बसायची गरज उरत नाही. मात्र हा खेळ त्याच्या स्वतःच्या काळोख्या शहराशी आणि गुन्हेगारांच्या टोळीशी इतका बांधलेला आहे की तुमच्या सध्याच्या वीरकथेवरून थेट तिथे उडी मारणे अवघड जाईल.

आता फेट. फेट कोअर २०१३ मध्ये आले. त्यात पात्र आकड्यांपेक्षा वाक्यांतून उभे राहते, आणि या वाक्यांना अ‍ॅस्पेक्ट म्हणतात. "घरातली थोरली, शब्द दिला की मोडत नाही" हे वाक्य मदतीला आले की फेट पॉइंट खर्च करून त्याचा फायदा घ्यायचा. तेच वाक्य अडचणीत आणत असेल आणि तुम्ही ती अडचण स्वीकारली, तर फेट पॉइंट मिळवायचा. चार फाशांवर अधिक, उणे आणि कोरे असे तीनच निकाल असतात. साध्या फाशावर १-२ उणे, ३-४ कोरे, ५-६ अधिक धरले की काम भागते. बेरीज उणे १ ते अधिक १ या पट्ट्यात पडण्याची शक्यता ६३ टक्के असल्यामुळे पात्र आपल्या कुवतीजवळच राहते, योगायोगाने फारसे हेलकावत नाही. स्वभावाला नियमात जागा देणारी इतकी सरळ रचना मला दुसरी माहीत नाही. वाक्य मराठीत लिहिले तर नियमही मराठीतच चालतो, हा त्याचा मोठा गुण.

तरीही फेटबाबत मी सावध आहे, त्यामागे एक अनुभव आहे. २०१४ च्या पावसाळ्यात मिरजेत, स्टेशनजवळच्या एका मित्राच्या घरी, आमचा डी अँड डीचा गट मी हट्टाने फेटवर नेला. मला स्वतःला ते फार आवडले होते. तिसऱ्या बैठकीत आमच्यातला एक जण, जो दिवसा मार्केट यार्डात वह्या लिहायचा, शीट खाली ठेवून म्हणाला, "मला आकडा सांगा. माझ्याजवळ काय आहे ते आकड्यावरून कळतं. नुसतं 'काहीही सुचव' म्हटलं की मला काहीच सुचत नाही." तो पुन्हा बैठकीला आला नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. मी मोकळीक देतो आहे असे समजत होतो. त्याला मात्र कठडा नसलेल्या गच्चीवर उभे केल्यासारखे वाटत होते. फेट हा खेळ दर पाच मिनिटांनी कल्पकता मागतो. ज्याला टेबलावर बोलायचे धैर्य आधीच आहे, त्याला तो फुलवतो. ज्याला अजून बोलता येत नाही, त्याला तो आणखी गप्प करू शकतो. तुमची मैत्रीण त्यात रमेल, पण ती तर आताही बोलतेच आहे.

गर्प्स (१९८६) आणि सॅव्हेज वर्ल्ड्स (२००३) यांची नावे तुमच्या पत्रात नाहीत, तरी कोणीतरी सुचवील म्हणून लिहितो. पहिल्यात गुण खर्च करून कोणत्याही काळातले, कोणत्याही जातकुळीचे पात्र घडवता येते आणि तीन फाशांची बेरीज कौशल्याच्या आकड्याच्या आत बसवायची असते. त्याचा ३२ पानी संक्षेप मोफत मिळतो. दुसरे झटपट, धडाकेबाज साहसांसाठी उत्तम. दोन्ही चांगल्या आहेत, पण तुमच्या अडचणीवर यांचा इलाज नाही. १९७७ च्या ट्रॅव्हलरचा उल्लेख केवळ कौतुकापोटी करतो : त्यात पात्राचे पूर्वायुष्य फाशांवर घडत जाते आणि मूळ नियमांत खेळ सुरू व्हायच्या आधीच पात्र मरूही शकत असे. अंतराळव्यापाराची कथा कधी खेळावीशी वाटली, तर तिकडे जरूर जा.

आणि आता कॉल ऑफ कथुलू, कारण माझे उत्तर तेच आहे.

सँडी पीटरसन यांचा हा खेळ केऑसियमने १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा गाभा टक्केवारीचा आहे. शीटवर "ऐकणे ४५" लिहिले असेल, तर शंभराच्या फाशांवर ४५ किंवा कमी पडले की ऐकू आले. काम अवघड असेल तर त्या आकड्याच्या निम्म्यात, अतिशय अवघड असेल तर पाचव्या हिश्शात पडायला हवे. एवढे कळले की नियमांचा मोठा भाग कळला. माझ्या त्या मिरजेच्या मित्राला जो आकडा हवा होता, तो इथे आहे; आणि टक्केवारी समजायला कोणत्याही पुस्तकाची गरज नाही, दहावीच्या निकालापासून ती आपल्या घराघरांत बोलली जाते. कौशल्यांची नावेही साधी आहेत : ऐकणे, लपणे, लपलेले शोधणे, प्रथमोपचार, मन वळवणे, ग्रंथालयात शोध घेणे. डी अँड डीच्या शीटवरचे स्पेल स्लॉट, सेव्हिंग थ्रो आणि हिट डाय मराठीत आणायला समजावणीचा एक परिच्छेद लागतो. इथे प्रत्येक शब्दाला मराठी शब्द तयार आहे.

पेवाकडे परत येऊ. नणंदेच्या पात्राचे "लपणे" ४० आहे. रखवालदार तरबेज असेल, म्हणजे त्याचे कौशल्य ५० किंवा वर असेल, तर तिला २० च्या आत टाकावे लागेल. पडले ५३. इथे सातव्या आवृत्तीतला, मला फार आवडणारा नियम येतो : फासा पुन्हा टाकता येतो, पण पात्राने काहीतरी वेगळे आणि अधिक धोक्याचे केले पाहिजे, आणि पुन्हा फसल्यास काय होईल याची जाणीव साधारणपणे आधीच करून दिलेली असते. तुम्ही विचारता, "आता काय करता?" ती म्हणते, "कंदील विझवते आणि पोत्यांच्या मागे अंग चोरून बसते." तुम्ही सांगता, "चालेल, पण पेव आत्ताच उघडलंय. हवा अजून कोंडलेली आहे. फसलं तर तुम्हाला भोवळ येईल, आणि अंधारात पेटीही कुठे आहे ते कळणार नाही." आता ती फासा हातात घेऊन क्षणभर थांबते. त्या थांबण्यात दिरांना सांगण्यासारखे काही नसते, कारण कोणत्या शक्तीचा उपयोग करावा हा प्रश्नच नाही. तिने किती जोखीम घ्यायची एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तिच्याचजवळ आहे.

लढाईचा प्रश्नही इथे आपोआप निघतो. तुमच्या सातव्या लेव्हलच्या फायटरचे, म्हणजे लढवय्या पात्राचे, हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) ६० च्या घरात असतील. कथुलूतल्या सामान्य माणसाचे १० ते १३ असतात आणि जवळून झाडलेल्या बारा बोरच्या बंदुकीची इजा चार फाशांची, म्हणजे सरासरी १४. हे एकदा उमगले की खेळाडू लढाई टाळायचा विचार करू लागतात, दार बंद करतात, मदत बोलावतात, पळतात. दिरांची आखणीची आवड वाया जाणार नाही. फक्त ती वाराच्या ऐवजी वाड्याच्या नकाशाकडे, गाडीच्या वेळापत्रकाकडे आणि कोणी कुठे पहारा द्यायचा याकडे वळेल. मैत्रिणीला साक्षीदारांशी बोलायचे लांब प्रसंग मिळतील, आणि मनःस्वास्थ्याचे गुण उतरू लागल्यावर एखाद्याचा हळूहळू ढळत जाणारा तोल उभा करायची संधीही मिळेल. एकाच धक्क्यात ५ किंवा जास्त गुण गेले तर पात्राला घडले ते पुरते उमगले का याचा फासा टाकायचा असतो आणि उमगले, तर भान सुटते. समजण्याची अशी शिक्षा दुसऱ्या कुठल्या सिस्टिममध्ये मी पाहिलेली नाही.

याचे दोष मी लपवत नाही. पात्रे मोठी होत जाण्याचा आनंद इथे फारच थोडा. वर्षभर जपलेले पात्र एका रात्रीत जाऊ शकते. रहस्य तुम्हाला आधी नीट रचावे लागते, आणि एकच धागा एकाच फाशावर लटकत ठेवला तर तो फासा फसल्याबरोबर खेळ अडकतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या माहितीपर्यंत तीन वाटा ठेवा, आणि ज्या माहितीवाचून कथा पुढे जाणार नाही ती फासा न टाकताच द्या. शिवाय ही भयकथा आहे. पहिल्या बैठकीआधी प्रत्येकाला एकेकटे गाठून, कोणते विषय नकोत ते विचारून घ्या. सांगलीत महापुराचा प्रसंग भीतीसाठी वापरायचा मोह होईल. २००५ किंवा २०१९ मध्ये कोणाच्या घरात काय झाले हे आपल्याला नेहमी ठाऊक असतेच असे नाही.

काळ मी १९२९-३० चा सुचवीन. खेळाचा मूळ काळही विसाव्या शतकाचे तिसरे दशक हाच आहे, त्यामुळे बंदुका, मोटारी, तारायंत्र यांचे नियम तयार मिळतात. सांगली तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होती, आयर्विन पूल नुकताच खुला झाला होता आणि विलिंग्डन कॉलेज सुरू होऊन दहाच वर्षे झाली होती. संस्थानचा एक कारकून, कॉलेजातला एक प्राध्यापक, नाटक कंपनीतला एक नट, मिरजेच्या दवाखान्यातली एक परिचारिका आणि हळदीच्या पेढीवरचा एक हिशेबनीस : पाच खेळाडूंना पाच पात्रे. ही माणसे एकमेकांशी कशी बोलतील, कोण कोणाला "अहो" म्हणेल आणि कोण "रावसाहेब", हे तुमच्या नणंदेला कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. परक्या दंतकथेतल्या एल्फने काय बोलावे हे तिला दर वेळी विचारावे लागते. इथे उलट दिरच कधीतरी तिला विचारतील.

भाषेचा हा मुद्दा मी सजावटीसाठी मांडत नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले, तेव्हा पदे रचलेली होती, ती सूत्रधार म्हणत असे, आणि नट आपापली भाषणे आयत्या वेळी स्वतःच्या शब्दांत करत. गेम मास्टर आणि खेळाडू यांचे नाते याहून वेगळे नाही. त्या नटांना आयत्या वेळी बोलता आले, कारण ते आपल्या बोलीत बोलत होते. तुमची मैत्रीण नाटकवाली आहे. तिला हे एकदा सांगून बघा, ती नणंदेला तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर बोलते करील.

आता करायचे काय, ते सांगतो. सध्याची डी अँड डीची कथा अर्ध्यावर सोडू नका. तिला दोन-तीन शनिवारांत एका मुक्कामाला आणा आणि पात्रांची शीट जपून ठेवा. तेवढ्या काळात लढाया आटोक्यात ठेवण्यासाठी हल्ल्याचा आणि इजेचा फासा एकदमच टाकायला सांगा, पुढची पाळी कोणाची ते आधीच पुकारा, आणि निकाल स्पष्ट दिसू लागला की शत्रूंना पळू द्या किंवा शरण येऊ द्या. एवढ्यानेही तास-दीड तास वाचेल. डी अँड डीच्या मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, त्यामुळे श्रेय देऊन त्याचे मराठी शीट करता येते आणि इतरांनाही देता येते. परत त्या कथेकडे याल, तेव्हा ते तयार असू द्या.

मग चार शनिवार कथुलू. केऑसियमची मोफत प्रारंभिक पुस्तिका तेवढ्याला पुरते, जाड पुस्तक आत्ता घेऊ नका. दिरांना पाथफाइंडर मनापासून हवे असेल, तर महिन्यातून एका रविवारी ते त्यांनी स्वतः चालवावे, आवड असलेल्या दोघा-तिघांना घेऊन. त्यांच्यासारख्या माणसाला लढाई आखायला जितका आनंद मिळेल तितका खेळायलाही मिळणार नाही, आणि शनिवारचा भार तुमच्या एकटीवरून थोडा उतरेल. पावसाळा सरल्यावर मैत्रिणीसाठी डन्जन वर्ल्डचे सहा शनिवार ठेवा. फेट तिने गेम मास्टर होऊन मांडावे, मात्र नणंद स्वतःहून बोलू लागल्यानंतर.

नणंदेचे शीट तुम्ही तिच्याजवळ बसून, हाताने, मराठीत लिहा. एका पानावर दहाच कौशल्ये आणि त्यांचे टक्के लिहा, आणि वर पात्राचे नाव, गाव, व्यवसाय आणि घरी कोण कोण आहे ते. आकडे तुम्ही सुचवा, पण घरी कोण आहे ते तिला ठरवू द्या. पहिल्या शनिवारी तिला दिरांच्या शेजारी न बसवता तुमच्या समोर बसवा, आणि सुरुवात तिच्यापासून करा : "हरिपूर. रात्रीचे साडेअकरा. पेवाचं झाकण अर्धं सरकलेलं आहे आणि दोर आत सोडलेला आहे, पण तो तुम्ही सोडलेला नाही. तुम्ही काय करता?" विचारून झाले की थांबा. अर्धा मिनिट गेला तरी थांबा, आणि दिर मदतीला पुढे वाकले तर त्यांना हाताने खूण करून थांबवा.